पेटीतली लक्ष्मी पिवळी का पडली?

प्रश्न : आजोबांनी जमवलेली साठ-सत्तर छापील चित्रे आमच्याकडे आहेत. रविवर्मा छापाची सहा-सात, त्यातल्या एका लक्ष्मीला आजीने जरीचे पातळ आणि टिकल्या लावलेल्या. बाकी मुळगावकर, दलाल यांची कॅलेंडरे आणि दिवाळी अंकांतून सोडवून ठेवलेली रंगीत पाने. निम्मी चित्रे माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होती, ती पिवळी पडून कडांना तुटू लागली आहेत. निम्मी भिंतीवर होती, ती फिकी झाली. म्हणजे कोंडले तरी वाईट, टांगले तरी वाईट. हा आमच्याकडच्या उन्हाळ्याचाच प्रताप ना? मग चित्रांच्या खोलीत कुलर किंवा एसी लावावा का? की सरळ सगळी लॅमिनेट करून टाकावीत?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, नाहीतर उत्तर वाचून होईपर्यंत तुम्ही चौकातल्या लॅमिनेशनवाल्याकडे पोचलेले असाल. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिकला लावलेला डिंक तापवून वितळवतात आणि तो कागदाच्या धाग्यांत जाऊन बसतो. पुढे कधी ते प्लास्टिक काढायचे म्हटले तर चित्राचा वरचा थर त्याच्याबरोबर निघून येतो. कागदात आधीच मुरलेले आम्ल मात्र आतच राहते. वरून चित्र चकचकीत दिसते आणि आतून पूर्वीसारखेच पिवळे पडत राहते. बसच्या पासाला लॅमिनेशन जरूर करा, कारण पास वर्षभराने टाकूनच द्यायचा असतो.

आता उन्हाळ्यावरचा आरोप. तो अगदी खोटा नाही, पण मुख्य आरोपी उन्हाळा नव्हे. याचा पुरावा तुमच्याच परिसरात आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आणि १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखिते आहेत. तुमच्या कॅलेंडरांनी सोसला तोच उन्हाळा त्यांनीही सोसला आहे. तरी त्यांतले कितीतरी कागद हाताळता येतात, आणि तुमचे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कॅलेंडर घडीवर तुटते. उन्हाळा तोच असेल, तर फरक कागदात असला पाहिजे.

जुना कागद चिंध्यांचा असे. पारोळ्याच्या शेजारी एरंडोलला असा हातकागद बनत असे, आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी त्या गावाची ओळख सांगताना या धंद्याची नोंद केली आहे. चिंध्या म्हणजे जवळपास शुद्ध कापूस. त्याचे धागे लांब आणि चिवट असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या लाकडाच्या लगद्यापासून कागद करू लागल्या, आणि शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ व तुरटी घालत. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते. स्वस्त लगद्यात राहिलेले लिग्निन हे लाकडातले द्रव्य हवा आणि उजेड लागला की तपकिरी होते. हे आम्ल कागदाच्या धाग्यांचे हळूहळू तुकडे करत जाते. म्हणजे तुमच्या चित्रांचे दुखणे जन्मजात आहे. पेटीने ते आणले नाही, फक्त वाढवले.

वाढवले ते दोन वाटांनी. पहिली वाट माळ्याची. तापमान दहा अंशांनी वाढले की कागद जीर्ण होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात खालच्या खोलीत ३५ अंश असतील तर पत्र्याखालच्या माळ्यावर सहज ४५ भरतात. त्याच घरात माळ्यावरची चित्रे खालच्यांपेक्षा दुप्पट वेगाने म्हातारी होतात. तेव्हा एसी घेण्याआधी पेटी माळ्यावरून खाली आणा. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी वाट शेजाऱ्याची, आणि माझ्या मते निम्मे नुकसान तिथूनच झाले असेल. आम्ल एका कागदातून दुसऱ्यात उतरते. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्र घातलेले असेल, चित्रांमध्ये खाकी कागद असेल, पाठीला पुठ्ठा असेल, तर हे तिघेही चित्रापेक्षा जास्त आंबट. पेटी उघडून पाहा. वर्तमानपत्राला लागून असलेले चित्र मधल्या चित्रांपेक्षा जास्त तपकिरी निघेल. जुन्या फ्रेमच्या पाठीला पातळ फळ्या ठोकलेल्या असतील तर चित्राच्या मागे, फळ्यांच्या फटी जिथे होत्या नेमक्या तिथे, तपकिरी रेघा दिसतील. त्या फटींतून हवा आणि धूळ चित्रापर्यंत पोचत होती.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. रविवर्मा छापाची चित्रे म्हणजे ओलिओग्राफ. दगडावरून एकेक रंग वेगळा छापायचा आणि शेवटी वर रोगण चढवायचे, तैलचित्रासारखी झळाळी यावी म्हणून. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत हा छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला आणि जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. या चित्रांवरचे रोगणही वयाने पिवळे पडते. म्हणून आधी चित्राची कोरी कड पाहा. कड पिवळी असेल तर दुखणे कागदाचे. कड बरी आणि चित्र तेवढे पिवळे असेल तर दुखणे रोगणाचे. रोगणाला घरी हात लावायचा नाही. ओल्या फडक्याने तर नाहीच, आणि कोणी पावाच्या मऊ भागाने किंवा बटाट्याच्या कापाने पुसायला सांगेल, त्याचेही ऐकू नका. कोरडा, मऊ, चित्रकाराचा चपटा ब्रश घेऊन धूळ एका दिशेने झटकावी, एवढेच आपले काम.

आता भिंतीवरची चित्रे. त्यांचा गुन्हेगार उजेड. त्याचा हिशेब विजेच्या मीटरसारखा असतो. जितका पडला तितका चढतो आणि कधीच शून्यावर येत नाही. संग्रहालयात कागदावरच्या रंगीत चित्रांवर साधारण ५० लक्स इतकाच उजेड ठेवतात. भर दुपारचे थेट ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतून चित्रावर रोज अर्धा तास तिरीप येत असेल, तर दोन दिवसांत त्याने संग्रहालयातले २,००० तास पाहून घेतले. रोजचे आठ तास धरले तर ते अडीचशे दिवस होतात. पाठ करून ठेवावे असे हे गणित आहे.

फिके होण्यातही एक क्रम असतो. कॅलेंडरच्या छपाईत लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते. म्हणून केशकर्तनालयातल्या आणि चहाच्या टपरीवरच्या जुन्या कॅलेंडरांत सगळेच निळसर दिसतात. राम आणि कृष्ण निळे चालून जातात, पण लक्ष्मी निळी झालेली पाहिली की वाईट वाटते. गेलेला रंग परत आणता येत नाही. उरलेला टिकवायचा असेल तर चित्र आतल्या भिंतीवर हलवा, जिथे ऊनही पोचत नाही आणि ट्यूबलाइटही अगदी शेजारी नाही. आणि सगळी एकदम टांगू नका. सहा महिने चार, मग ती आत आणि दुसरी चार बाहेर. पाहुण्यांनाही दरवेळी नवे काही दिसेल.

आमच्याकडे पावसाळ्यानंतर सगळ्याला ऊन दाखवण्याची रीत आहे. गाद्या, धान्य, ठेवणीतल्या साड्या, त्यांच्याबरोबर पुस्तके आणि चित्रेही अंगणात. गाद्यांना ते मानवते. चित्रांना हवा दाखवावी, ऊन दाखवू नये. ऑक्टोबरात खोलीच्या खिडक्या उघडून, सावलीत, पंखा मंद ठेवून दिवसभर पसरली की काम झाले.

तुमच्या कुलरकडे येतो, कारण कुलरची खोली गार म्हणून चित्रांना चांगली, हा समज खानदेशात घरोघरी आहे. खानदेशाची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते, आणि कागदाच्या दृष्टीने हे आपले भाग्यच आहे. रत्नागिरीच्या माणसाला विचारा. त्याच्या चित्रांवर जूनपासून बुरशीचे ठिपके येतात. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर फार दिवस राहिली की बुरशी धरते. आपल्याकडे मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास असते. आता या कोरड्या खोलीत कुलर सुरू केला. तो गारवा देतो तो पाण्याची वाफ करून, म्हणजे दोन तासांत खोली दमट. वीज गेली की पुन्हा कोरडी. रात्री दमट, सकाळी कोरडी. कागद ओलावा पिऊन फुगतो आणि सोडून आकसतो, तेही सगळ्या बाजूंनी सारखा नाही, धाग्यांना आडवा जास्त. रोज असा फुगत-आकसत राहिला की त्याला लाटा येतात, आणि ओलिओग्राफवरचे रोगण कागदाइतके ताणले जात नसल्याने तडकते. दिवसा बंद आणि रात्री चालू अशा एसीनेही हेच होते. कागदाला गारवा मिळाला तर बराच, पण त्याहून त्याला एकसारखेपणा हवा असतो. घरातली मधली, जाड भिंतींची, कुलर नसलेली खोली चित्रांना सर्वांत चांगली. धाब्याच्या जुन्या घरात अशी खोली हमखास असे. सिमेंटच्या घरात ती बाहेरच्या भिंतींपासून दूर शोधावी लागते.

पावसाळ्याचे चार महिने मात्र सांभाळायचे, आणि विशेषतः दिवाळी अंकांतली पाने. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले त्या काळात अंकांतली रंगीत चित्रे गुळगुळीत आर्ट पेपरवर येत. या कागदावर चिकणमातीचा लेप असतो. तो भिजला आणि दोन पाने एकमेकांवर वाळली की त्यांची वीट होते आणि ती कोणीही सोडवू शकत नाही. म्हणून अशा दोन पानांमध्ये काहीतरी घातलेच पाहिजे. पाणी पडलेच तर पुसू नका, ओढू नका. ओली असतानाच सुटतील तेवढी सोडवा, सावलीत पसरा.

मध्ये घालायचे काय? मोठ्या शहरांत आम्लरहित कागद मिळतो, तो आणता आला तर उत्तमच. नाहीतर आपल्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात सोपा उपाय आहे. पांढरे मलमल किंवा मांजरपाट दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, नीळ घालू नका, कडक वाळवा. खळ काढायची ती किडे येऊ नयेत म्हणून. पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालात बांधलेले असत ते काही शोभेसाठी नव्हे. कापड हवा खेळू देते आणि जास्तीचा ओलावा स्वतः घेते. बटर पेपर काही वर्षांत ठिसूळ होतो. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटे चित्राला चिकटतात, ती टाळा.

पेटी ठेवलीत तरी चालेल, पत्र्याचे काही वाईट नसते. आतला गंज घासून, रंग देऊन, तो पूर्ण वाळून वास जाईपर्यंत दोन-तीन आठवडे उघडी ठेवा. रंग दिलेले लोखंडी कपाट त्याहून बरे. प्लायवुडच्या नव्या कपाटाला जो झोंबणारा वास येतो तो त्यातल्या रसायनांचा, आणि ती कागदाला बाधतात. चित्रे आडवी ठेवायची, मोठी खाली, लहान वर, वीस-पंचवीसपेक्षा जास्त थर नाही. पेटी जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे दूर. कारण वाळवी जमिनीतून येते आणि भिंतीवर मातीची नळी बांधत चढते. मागे हात जाईल एवढी जागा असली तर ती नळी वेळेवर दिसते.

किड्यांबाबत आपण सगळ्यांनाच कसर म्हणून मोकळे होतो, पण खुणा वेगळ्या असतात. रुपेरी, माशासारखी लवलवत पळणारी कसर कागदाला सहसा भोक पाडत नाही. ती वरची चकाकी आणि खळ खरवडते, म्हणून चित्र ठिकठिकाणी सोलल्यासारखे दिसते. ती दिसली म्हणजे जागा दमट आहे असे समजावे. आरपार गोल भोके दिसली तर ती भुंग्याच्या अळीची. मातीचे कण दिसले तर वाळवी, आणि मग चित्रांपेक्षा घराची काळजी आधी करा. डांबरगोळ्यांचा भरवसा धरू नका. कागदाच्या किड्यांवर त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि त्यांचा वास माणसालाही चांगला नसतो. कडुलिंबाचा पाला घालायचाच तर खडखडीत वाळलेला, पुरचुंडीत बांधून, चित्राला न लागेल असा. अर्धवट वाळलेला पाला पेटीत ओलावा नेतो आणि कागदावर पानाची नक्षी उमटवतो. तीन महिन्यांनी पेटी उघडून पाहणे हे या सर्वांपेक्षा गुणकारी. किड्याला त्रास नको असतो.

फाटलेल्या कडांना सेलोटेप लावली असेल तर ती पुढे तपकिरी होईल आणि तिचा चिकट थर कागदात मुरेल. नवी लावू नका, जुनी ओढू नका. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, किडा लागू नये म्हणून. किडा लागत नाही हे खरे, पण मोरचुदातल्या तांब्याने कागद लवकर कुजतो, त्यामुळे चित्रांना ती खळ नको. कॅलेंडरच्या वरची पत्र्याची पट्टी गंजते, तिचा चिमटा हलक्या हाताने उघडून ती काढा. खाली छापलेले दुकानाचे नाव आणि तारखांचा गठ्ठा मात्र कापून फेकू नका. चित्राचे साल सांगणारा तेवढाच साक्षीदार असतो.

गुंडाळी करून ठेवलेली चित्रे असतील तर ती मेमध्ये उलगडू नका. कोरडा कागद कडकड तुटतो. श्रावण-भाद्रपदात, हवेत ओलावा असताना, रोज थोडी थोडी सोडवा, मग कोरड्या दिवसात दाबाखाली सपाट करा.

फ्रेम करणाऱ्याला एक गोष्ट ठासून सांगावी लागते. चित्र काचेला टेकता कामा नये. मध्ये जाड माउंटची चौकट हवी, नाहीतर पावसाळ्यात रोगण काचेला चिकटते आणि पुढे काच बदलताना देवाचा चेहरा काचेवर राहतो. पाठीला हार्डबोर्ड असेल तर त्याच्या आणि चित्राच्या मध्ये आम्लरहित कागद घाला, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा राहील.

आजोबांच्या पेटीत जुने फोटोही असतील, बहुतेक असतातच. ते चित्रांबरोबर ठेवू नका. फोटोचा वरचा थर सरसासारखा असतो, दमट झाला की चिकटतो, आणि त्यातली चांदी आंबट कागदाच्या सहवासात काळवंडते. टेबलटॉप छायाचित्रणासाठी नावाजलेले केकी मूस (१९१२–१९८९) चाळीसगावच्या ज्या बंगल्यात बहुतेक आयुष्य राहिले, तिथेच त्यांचे संग्रहालय आहे. एका माणसाने घरात जमवलेला आणि घडवलेला संग्रह कसा असतो हे पाहायला जळगाव जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ पासून उभ्या असलेल्या गांधी तीर्थात कागदपत्रे जपण्याचे काम चालते, तेही पाहून या. तडकलेले रोगण, बुरशी, चिकटलेली काच अशा गोष्टींसाठी मात्र तज्ज्ञच हवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी चित्राचे फोटो पाठवून विचारावे.

राहिली आजीची जरीची लक्ष्मी. अशी कापड-टिकल्या लावलेली रविवर्मा चित्रे एके काळी घरोघरच्या बायका हौसेने करत, आणि आज ती साध्या छापापेक्षा दुर्मीळ आहेत. पातळ काढून चित्र ‘मूळ स्वरूपात’ आणण्याचा सल्ला कोणी देईल. आजीचे शिवणही आता मूळच आहे. हिला इतरांच्या थरात घालू नका, टिकल्या खालच्या चित्रात रुततील. एका खोलगट खोक्यात तिला एकटीला, खाली-वर मलमल घालून, आडवी ठेवा. देवघरात लक्ष्मी हवीच असेल तर हिचा सावलीत, फ्लॅश न वापरता नीट फोटो काढा, त्याची प्रत छापून काचेत बसवा, आणि हळद-कुंकू, उदबत्ती, निरांजन सगळे त्या प्रतीपुढे होऊ द्या. मूळ लक्ष्मी वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाहेर काढा. तेव्हा पारोळ्याची हवा कोरडी झालेली असते, ऊन मावळलेले असते, आणि पणतीपासून चार हात लांब ठेवलीत तर त्या एका संध्याकाळीने तिचे काही बिघडत नाही.